आदिकारणाचे वकील

भोपाळात मराठी घरं थोडीथोडकी नाहीत. गणेशोत्सवातलं व्याख्यान असो, कोजागरीचं दूध असो की सत्यनारायणानंतरची पंगत, चार शिकलेली माणसं जमली आणि त्यांतला एखादा स्वतःला नास्तिक म्हणवून बसला, की त्याच्यावरच्या हल्ल्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. प्रत्येक गोष्टीला कारण असतं की नाही? असतं. मग विश्वाचं कारण काय? महास्फोट. आणि महास्फोटाच्या आधी? इथे नास्तिक क्षणभर अडखळतो, आणि समोरचा खटला जिंकल्यासारखा खुर्चीत मागे रेलतो. पुढची विधानं तो न थांबता करतो. विज्ञानाने इथे हात टेकले आहेत. जयंत नारळीकरांसारखा मोठा शास्त्रज्ञही महास्फोट मानत नव्हता. नास्तिकता हीसुद्धा एक श्रद्धाच, आणि तीही पश्चिमेकडून उसनी आणलेली. आपल्या ऋषींना हे सगळं केव्हाच ठाऊक होतं. पुरावा हवा असेल तर लांब कशाला जायचं? याच शहरात १९८४ च्या वायुकांडाच्या रात्री अग्निहोत्र करणारी कुटुंबं विषारी वायूतून सुखरूप वाचली.

या युक्तिवादाचं एक टोक १३८० कोटी वर्षांमागे आहे आणि दुसरं चाळीस वर्षांमागे. लांबच्या टोकाविषयी कुणीही काहीही बोलावं, तपासायला कोण जातंय, असा समज असतो. (तो चुकीचा आहे, पण त्याकडे नंतर येऊ.) जवळचं टोक मात्र पायी चालत जाऊन तपासता येतं. तेव्हा आधी तेच घेतलेलं बरं.

अग्निहोत्र म्हणजे सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला, पिरॅमिडच्या आकाराच्या तांब्याच्या पात्रात गोवऱ्या पेटवून, मंत्र म्हणत, तूप लावलेल्या तांदळाच्या आहुती देण्याचा विधी. त्याचा आधुनिक प्रसार अक्कलकोटच्या शिवपुरीतून, गजानन महाराजांच्या प्रेरणेने झाला. भोपाळजवळच्या बैरागढशीही या चळवळीचा जुना संबंध आहे. म्हणजे मराठी वाचकाला हा विषय परका नाही. वायुकांडाची कथा सांगितली जाते ती अशी : एका शिक्षकाचं कुटुंब आणि रेल्वे स्टेशनजवळ राहणारं दुसरं एक कुटुंब त्या रात्री अग्नी पेटवून बसलं, आसपास माणसं पटापट मरत होती, पण या घरांत कुणाला काही झालं नाही. ‘द हिंदू’ दैनिकातल्या १९८५ च्या मजकुराचा हवाला त्यासाठी दिला जातो, आणि तेव्हापासून ही कथा पुस्तिकांतून, प्रवचनांतून, देशी-परदेशी भाषांतून फिरते आहे.

ती माणसं वाचली, यावर शंका घेण्याचं काही कारण नाही. वाचली कशामुळे, हा खरा प्रश्न आहे. युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातल्या टाकीतून त्या रात्री सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडलं. वारा उत्तरेकडून दक्षिण-आग्नेयेकडे वाहत होता, आणि वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत, गल्लीबोळांतून सरकत होता. जी माणसं घाबरून वाऱ्याच्या दिशेनेच धावत सुटली त्यांनी धापा टाकत भरपूर विष छातीत घेतलं. जी दारं-खिडक्या लावून घरात बसली त्यांतल्या अनेकांच्या छातीत ते कमी गेलं. आता, विधी करायला बसलेलं कुटुंब त्या वेळी कुठे असतं? घरात, एका जागी. मंत्र न म्हणता नुसतं तसं बसून राहिलेली, आणि वाचलेली, माणसं किती, हे कथा सांगणाऱ्यांनी कधी विचारलं आहे का? आणि अग्निहोत्र करूनही जे वाचले नसतील ते आपली हकीकत सांगायला वर्तमानपत्राच्या कचेरीत येणार कसे?

सरकारने पुढे भोपाळच्या ५६ पैकी ३६ वॉर्ड वायुपीडित म्हणून जाहीर केले. उरलेले २० वॉर्ड सुटले. अरेरा कॉलनीसारख्या दक्षिणेकडच्या वस्त्या, जिथे पुष्कळ मराठी कुटुंबं राहत होती आणि राहतात, त्या बव्हंशी सुटल्या. तिथे घरोघरी तांब्याची पात्रं पेटली होती असं कुणीही म्हणत नाही. वारा तिकडे फिरला नाही, इतकंच.

याच शहरात, त्याच हिवाळ्यात, दुसऱ्या एका उपायाचाही दावा झाला होता. गांधी मेडिकल कॉलेजचे न्यायवैद्यक विभागप्रमुख डॉ. हिरेश चंद्र यांनी शवविच्छेदन करताना मृतांचं रक्त चेरीसारखं लाल दिसल्याचं नोंदवलं, सायनाइडचा संशय घेतला आणि सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शनं द्यावीत असं सुचवलं. शहरातले इतर डॉक्टर आणि सरकारी अधिकारी विरोधात गेले. वाद पेटला. तो मिटवण्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने डबल ब्लाइंड चाचणी घेतली, म्हणजे कुणाला खरं औषध मिळालं आणि कुणाला नाही हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. निकाल इंजेक्शनच्या बाजूने गेला. तरीही १९८५ च्या जूनमध्ये हेच इंजेक्शन देणाऱ्या लोकांच्या केंद्रावर पोलिसांनी धाड घातली आणि कागदपत्रं उचलून नेली. म्हणजे एका उपायाला चाचणी द्यावी लागली, ती देऊनही लाठ्या खाव्या लागल्या. दुसऱ्याला छापील मजकूर पुरला आणि हारतुरे मिळाले. ज्यांना विज्ञान ‘अहंकारी’ वाटतं त्यांनी या दोन उपायांचं नशीब जरा शेजारी-शेजारी ठेवून पाहावं.

आता कारणाकडे येऊ, कारण आदिकारणाच्या वकिलांचा तो आवडता शब्द. विश्वाचं कारण मागताना ही मंडळी एक पायरीही सोडायला तयार नसतात. भोपाळच्या बाबतीत मात्र तीच मंडळी ‘विधिलिखित होतं’, ‘ज्याची वेळ भरली तो गेला’, असं म्हणून दोन पायऱ्यांतच थांबतात. का थांबायचं? टाकी क्रमांक ६१० मध्ये पाणी शिरलं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्या वर्षीच्या जूनपासून बंद होती. निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. वायू धुऊन काढणारा स्क्रबर त्या वेळी चालू स्थितीत नव्हता, आणि असता तरी इतक्या प्रचंड लोंढ्यापुढे टिकणारा नव्हता. कीटकनाशकाचा खप घटला होता, खर्चाला कात्री लागली होती, माणसं कमी केली होती. ही कारणांची साखळी आहे, आणि तिच्या प्रत्येक कडीला हात लावता येतो. कंपनी म्हणाली, कुणा असंतुष्ट कामगाराने मुद्दाम पाणी घातलं. तेही कारणच होतं, तपासता येणारं; म्हणून तर त्यावर भांडता आलं. दैवावर भांडता येत नाही. दैवाला उलटतपासणीला बोलावता येत नाही.

भविष्य कुणी सांगितलं, तेही लक्षात ठेवण्याजोगं आहे. १९८१ च्या डिसेंबरात कारखान्यात फॉस्जीनमुळे एक कामगार मेला, आणि भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी कामाला लागले. कारखान्याच्या सुरक्षेची तपासणी करून कंपनीच्याच अमेरिकेतल्या पथकाने लिहिलेला अहवाल त्यांनी मिळवला, रसायनशास्त्राची पुस्तकं चाळली आणि १९८२ पासून आपल्या छोट्या साप्ताहिकात लिहिलं, की हे शहर मृत्यूच्या तोंडावर बसलं आहे. १९८४ च्या जूनमध्ये ‘जनसत्ता’त पुन्हा तेच लिहिलं. शहरात ज्योतिषी कमी नव्हते. हजारो पत्रिका त्या दोन-अडीच वर्षांत मांडल्या गेल्या असतील, लग्नं जुळवली गेली असतील. मृत्यूयोग कुणाला दिसला नाही. तो दिसला, वाल्व्ह आणि पाइपांविषयीचा एक रुक्ष अहवाल वाचणाऱ्याला.

न्यायालयाचीही एके दिवशी देवाशी गाठ पडली, आणि ही गोष्ट भोपाळच्या वादात फारशी कुणी सांगत नाही. घातक वस्तू बाळगणाऱ्याची जबाबदारी ठरवणारा इंग्लंडमधला १८६८ चा एक निवाडा भारतात शतकभर प्रमाण मानला जात होता. त्यात पळवाटा होत्या; एक पळवाट ‘देवाची करणी’. भूकंप, वादळ, अशा कारणाने नुकसान झालं असं दाखवलं की मालक मोकळा. भोपाळनंतर वर्षभराने, १९८५ च्या डिसेंबरात, दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ऑलियम वायू निसटला. त्या प्रकरणात सरन्यायाधीश भगवती यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायाधीशांनी १९८६ च्या डिसेंबरात ठरवलं, की घातक उद्योगाची जबाबदारी संपूर्ण असेल आणि जुन्या अपवादांपैकी एकही चालणार नाही. देवाची करणीसुद्धा नाही. त्या पाच जणांनी कुणाच्या श्रद्धेला धक्का लावला नाही. कारणांच्या यादीतून एक नाव खोडलं, एवढंच केलं. आणि कामगाराच्या, शेजाऱ्याच्या बाजूने भारतीय कायद्यात पडलेलं ते फार मोठं पाऊल होतं.

इथे समोरून एक वजनदार हरकत येते, आणि तिला टाळून पुढे जाणं बरोबर नाही. ती अशी : भोपाळ मारलं कुणी? विज्ञानानेच. मिथाइल आयसोसायनेट कुठल्या यज्ञकुंडातून निघालं नव्हतं.

खरं आहे, नव्हतं. ते प्रयोगशाळेतल्या ज्ञानातून निघालं होतं. पण त्या ज्ञानाचाच एक भाग असाही होता, की हा पदार्थ थंड ठेवावा, थोडाच साठवावा, पाण्यापासून लांब ठेवावा. ज्ञानाचा तेवढा भाग महाग पडला म्हणून वगळला गेला. आणखी एक भाग होता : हा वायू पाण्याशी संयोग पावतो, त्यामुळे ओलं कापड तोंडावर धरलं तर बचाव होऊ शकतो. हे साधं वाक्य कारखान्याभोवतीच्या वस्त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. भोंगाही लोकांसाठी वेळेवर आणि पुरेसा वाजला नाही. माहिती दडवणं हा विज्ञानाचा दोष म्हणायचा, तर मग पोथी कुलपात ठेवणं हा धर्माचा दोष म्हणावा लागेल. आणि तसं म्हटलेलं या वकिलांना अजिबात चालत नाही.

दुर्घटनेनंतर दोन आठवड्यांनी, १६ डिसेंबरला, कारखान्यात उरलेलं रसायन वापरून संपवायची मोहीम सुरू झाली. तिचं नेतृत्व वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक डॉ. वरदराजन यांच्याकडे होतं. सरकारने तिला नाव दिलं ‘ऑपरेशन फेथ’. मुख्यमंत्री अर्जुनसिंह यांनी आपण स्वतः कारखान्यात हजर राहू असं जाहीर केलं, हेलिकॉप्टरमधून पाण्याचे फवारे मारायची व्यवस्था झाली, आणि लोकांना सांगण्यात आलं की विश्वास ठेवा. लोकांनी काय केलं? लाखो माणसं ट्रंका-वळकट्या उचलून भोपाळ सोडून गेली. ‘विज्ञानही शेवटी श्रद्धाच मागतं’ असं म्हणणारे हा दाखला आनंदाने देतात. त्यांनी तो नीट पाहावा. श्रद्धा मागितली ती सत्तेने. आणि पळून जाणारा माणूस त्या दिवशी सर्वांत तर्कशुद्ध वागत होता : याच लोकांनी पंधरा दिवसांपूर्वी सगळं सुरक्षित आहे म्हटलं होतं, त्याचा अनुभव घेतला, आता शब्दावर भरवसा नाही. मोहीम पार पडली, अपघात झाला नाही. पण आधी माहिती द्या आणि मग विश्वास मागा, हा त्या गर्दीचा आग्रह चुकीचा ठरत नाही.

याच आग्रहातून पुढे बरंच काही उभं राहिलं. १९८७ साली देशाच्या पाच टोकांहून भारत जनविज्ञान जत्थे निघाले, गाणी-नाटकं करत गावोगाव फिरले आणि ७ नोव्हेंबरला भोपाळात येऊन मिळाले. एकत्र यायला त्यांना हेच शहर निवडावंसं वाटलं, यात सगळं आलं.

आता लांबचं टोक.

‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं, म्हणून विश्वालाही असलं पाहिजे, आणि ते कारण म्हणजे देव.’ या वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागात ‘प्रत्येक’ आहे. दुसऱ्या अर्ध्यात एक अपवाद गुपचूप आत येतो, कारण देवाला कारण विचारायचं नाही असं ठरलेलं असतं. देव स्वयंभू असू शकत असेल, तर विश्व स्वयंभू का असू शकत नाही? आणि नसेल, तर देवाच्या आधी कोण? हा प्रश्न कुणा लंडनच्या प्राध्यापकाने शोधून काढलेला नाही. सातव्या शतकाच्या आसपास कुमारिल भट्टांनी ‘श्लोकवार्तिका’त सृष्टिकर्त्याच्या कल्पनेची याहून कडक झडती घेतली आहे. काहीच नव्हतं तेव्हा तो कुठे राहत होता? शरीर नसताना त्याला इच्छा कशी झाली? झाली तर कशासाठी? दुःखाने भरलेलं जग करुणेपोटी निर्माण केलं, म्हणजे नेमकं कुणावर करुणा केली, तेव्हा प्राणी तर अजून नव्हतेच? आणि कुमारिल नास्तिक नव्हते. वेदांचं प्रामाण्य टिकवण्यासाठी ते आयुष्यभर बौद्धांशी भांडले. मीमांसकांना वेद हवे होते, कर्ता नको होता. सांख्यांनाही नको होता. नवव्या शतकात जैन आचार्य जिनसेनांनी आपल्या पुराणात कर्त्याच्या मताची उघड खिल्ली उडवली. चार्वाकांचं तर नावच घ्यायला नको. तेव्हा नास्तिकता पश्चिमेकडून जहाजातून आली हे म्हणणं ज्यांना शोभेल त्यांनी म्हणावं. भारतीय दर्शनं वाचलेल्याला ते शोभत नाही.

कर्ता आहे म्हणणारेही तोलामोलाचे होते. घट पाहून कुंभार ओळखावा तसं विश्व पाहून ईश्वर ओळखावा, ही मांडणी उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त केली ती दहाव्या-अकराव्या शतकात, म्हणजे भोपाळशेजारी भोजपूरचं ते अर्धवट राहिलेलं महाप्रचंड शिवमंदिर उभं राहत होतं साधारण त्याच काळात. म्हणजे आज पंगतीत चालणारा वाद हजार वर्षांपूर्वी इथेच, कितीतरी वरच्या पातळीवर होऊन गेला आहे. आजच्या वकिलांनी उदयनाचार्यांचा निष्कर्ष उचलला. समोरच्याचं म्हणणं आधी पूर्ण मांडायचं, मग खोडायचं, ही त्यांची शिस्त उचलली नाही.

‘ऋषींना सगळं ठाऊक होतं’ या दाव्याची गत तर आणखी गमतीची आहे, कारण त्यासाठी नेहमी पुढे केलं जातं ते नासदीय सूक्त. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं हे १२९ वं सूक्त एका पिढीला श्याम बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’ मालिकेमुळे पाठ आहे, तिथला हिंदी अनुवाद वसंत देव या मराठी माणसाचा. सूक्ताचा शेवट ज्याने नीट ऐकला असेल त्याला आठवेल, की ऋषी तिथे काहीच ठाऊक असल्याचं सांगत नाही. सृष्टी कुठून आली हे वरचा अध्यक्ष जाणत असेल, किंवा कदाचित तोही जाणत नसेल, अशा शंकेवर तो थांबतो. भारतीय वाङ्मयातल्या सर्वांत प्रामाणिक ‘माहीत नाही’ला ‘आम्हाला आधीच माहीत होतं’ असं वाचायचं, हा त्या ऋषीवरच अन्याय आहे.

मग विज्ञानाला नेमकं काय माहीत आहे? १९६० च्या दशकात न्यू जर्सीमध्ये अर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना एका अँटेनात सतत एक खरखर ऐकू येत होती. कुठल्याही दिशेला वळवा, तेवढीच. त्यांनी अँटेनात घर केलेली कबुतरं हाकलली, विष्ठा धुऊन काढली, खरखर तशीच. १९६५ मध्ये उलगडा झाला, की हे प्राचीन, तप्त विश्वातून निघालेल्या प्रारणाचं आज उरलेलं रूप आहे, तापमान निरपेक्ष शून्याच्या वर पावणेतीन अंशांच्या आसपास. प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो, म्हणून लांब पाहणं म्हणजे मागे पाहणं. विश्वाचं बालपण कुणी पाहू शकत नाही हा समज म्हणूनच चुकीचा. ते गेली साठ वर्षं मोजलं जात आहे, कोबे, डब्ल्यूमॅप, प्लँक या उपग्रहांनी उत्तरोत्तर बारकाईने. विश्वातल्या साध्या द्रव्यात वजनाने चौथा हिस्सा हेलियम का आहे, हेही याच चित्रातून निघतं. एवढं झाल्यावर महास्फोटाचा सिद्धांत असं म्हणत नाही की शून्यातून विश्व झालं. तो म्हणतो, विश्व एके काळी अतिशय तप्त आणि दाट होतं आणि तिथपासून ते प्रसरण पावत आलं. त्याच्याही मागे जाऊ तसं गुरुत्वाकर्षणाचं आणि पुंजभौतिकीचं गणित एकमेकांत बसत नाही. तिथे पाटी लावलेली आहे : माहीत नाही. या पाटीमागच्या जागेत कुणी मूर्ती ठेवली, तर मूर्ती ठेवणाऱ्याने ती कुठून आणली ते सांगायला हवं.

गंमत म्हणजे महास्फोटाची मूळ कल्पना ज्याने मांडली तो बेल्जियमचा जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी एका भाषणात आधुनिक विश्वशास्त्र म्हणजे सृष्टीच्या निर्मितीची जणू साक्षच, असा सूर लावला. सर्वांत अस्वस्थ कोण झालं? लमेत्र. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, तो श्रद्धेला टेकू म्हणून वापरू नये, ही त्याची भूमिका होती, आणि पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो सूर टाळला. झगा घातलेल्या माणसाला जे कळलं ते आपल्याकडे पदवीधरांना कळू नये, याला काय म्हणावं?

राहता राहिले नारळीकर. आदिकारणाच्या वकिलांनी साक्षीदार म्हणून बोलावलेला हा माणूस त्यांच्या बाजूने एक अक्षर बोलत नाही. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि नारळीकर महास्फोटाला विरोध करत होते तो मुख्यतः अशासाठी, की सगळे नियम जिथे मोडतात अशी एक सुरुवात मानणं त्यांना भौतिकशास्त्राला न शोभणारं वाटत होतं. निर्मितीचा एकच क्षण मानला की निर्मात्याला दार उघडतं, हे हॉइलना चांगलंच खटकत असे. १९६४ साली, वयाच्या पंचविशीत, नारळीकरांनी हॉइलबरोबर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. १९९३ मध्ये हॉइल आणि खगोलशास्त्रज्ञ बर्बिज यांच्याबरोबर ‘अर्ध-स्थिर’ विश्वाचं प्रारूप मांडलं, ज्यात आरंभच नाही. तेव्हा ‘नारळीकर महास्फोट मानत नव्हते, म्हणून देव’ हे म्हणजे फिर्यादीने आरोपीच्याच साक्षीदाराला हार घालून आणण्यासारखं झालं.

नारळीकर या वादात बहुमताविरुद्ध होते, आणि पुराव्यांचं पारडं त्यांच्या विरुद्ध बाजूला अधिकाधिक झुकत गेलं, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. त्यांच्याविषयीच्या मराठी अभिमानाने ते झाकायचं कारण नाही. पण त्यांनी पुण्यात १९८८ साली ‘आयुका’ ही जी खगोलशास्त्राची संस्था उभी केली, तिथे त्यांच्या डोळ्यांसमोर थानू पद्मनाभन, तरुण सौरदीप यांच्यासारखे सहकारी महास्फोटाच्याच चौकटीत काम करत होते आणि त्या जुन्या प्रारणाचा कसून अभ्यास करत होते. संस्थापकाला चुकीचं ठरवू शकेल असं संशोधन संस्थापकाच्याच छपराखाली, त्याच्याच पाठिंब्याने. कुठल्या मठात अशी सोय आहे? ‘विज्ञान हाही एक धर्म’ म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यावं, मग पुढे बोलावं.

‘नास्तिकता हीसुद्धा श्रद्धाच’ हा टोमणाही याच माळेतला. केसवानींचा कारखान्याच्या सुरक्षेवर विश्वास नव्हता. ती त्यांची श्रद्धा होती का? पुरावा मागितला, मिळाला तो उलटा मिळाला, म्हणून विश्वास ठेवला नाही. याला श्रद्धा म्हटलं तर श्रद्धेला काही अर्थच उरत नाही. मात्र नास्तिकांतही एक उतावळी जात आहे, तिला इथेच आवरलं पाहिजे. विज्ञानाने देव नसल्याचं सिद्ध केलं, असं ही मंडळी ठोकून देतात. लॉरेन्स क्राउससारखे लोकप्रिय लेखक ‘काहीच नाही’तून विश्व निघाल्याचं सांगतात तेव्हा त्यांच्या ‘काहीच नाही’त पुंजभौतिकीचे नियम आधीपासून बसलेले असतात, हे दाखवून देणारे टीकाकार बरोबरच आहेत. महाराष्ट्रात या प्रश्नावर विवेकवाद्यांमध्येच वाद झाला, तोही जाहीर. डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर ‘विवेकजागराचा वाद-संवाद’ घेऊन गावोगाव फिरले. लागू म्हणत, देवाला रिटायर करा. दाभोलकर म्हणत, अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माविषयी तटस्थ आहे, तिचा विरोध शोषणाला आहे. एकाच व्यासपीठावर, एकमेकांचा मान राखून. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्याच्या पुलावर दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. त्या दोघांतल्या मवाळाला.

भोपाळजवळ पुरावा मागत विचार करायला मुलांना शिकवण्याचा एक मोठा प्रयोगही होऊन गेला. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत ‘किशोर भारती’ आणि रसुलियाच्या ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ने सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगांतून शिकवायला सुरुवात केली. ‘किशोर भारती’चे अनिल सद्गोपाल पुढे वायुपीडितांच्या लढ्यातही उतरले. ‘एकलव्य’ ही भोपाळची संस्था १९८२ पासून हा कार्यक्रम पुढे नेत होती. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा, कारण पाठांतराला गुणच नव्हते. पुण्याच्या मुलांना खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता याच कार्यक्रमात घडले. २००२ साली मध्य प्रदेश सरकारने तो बंद केला. तेव्हा सरकार काँग्रेसचं होतं; म्हणजे प्रश्न विचारणारी मुलं कुणालाच फारशी नको असतात. २०२३ मध्ये दहावीच्या पुस्तकातून एनसीईआरटीने उत्क्रांतीचा भाग काढला, तेव्हा १८०० हून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी पत्रावर सह्या केल्या. भाग परत आला नाही.

वादात शेवटी एक गोष्ट करता येते, आणि तिचा नमुनाही नारळीकरांनीच घालून दिला आहे. २००८ मध्ये त्यांनी दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका गोळा केल्या. ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० दिल्या. कुठली कुणाची ते ओळखा म्हटलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली, त्यांतली सरासरी बरोबर आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर यापेक्षा वाईट आली नसती. कुणाचा अपमान नाही, कुणाला शिवी नाही. दावा काय ते आधी लिहून घेतलं आणि मोजलं.

अग्निहोत्राने हवा, पाणी, माती शुद्ध होते असं त्याचे प्रचारक सांगतात. कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा चाळीस वर्षं तिथे पडून होता. तो २०२५ च्या जानेवारीत पीथमपूरला हलवला गेला आणि त्याच वर्षी जाळण्यात आला. पण आवारातली माती आणि भोवतालच्या वस्त्यांखालचं दूषित पाणी जागच्या जागी आहे. तेव्हा प्रचारकांना जाहीर विनंती : जागा ठरवा, मुदत ठरवा, किती शुद्धी झाली म्हणजे दावा खरा मानायचा तो आकडा आधीच कागदावर लिहा. विधीच्या आधी आणि नंतर मातीचे आणि पाण्याचे नमुने तिसऱ्याच प्रयोगशाळेकडून तपासून घ्या. नमुना विधी झालेल्या जागेचा की न झालेल्या जागेचा, हे त्या प्रयोगशाळेला कळू देऊ नका. निकाल जो येईल तो भोपाळच्या वर्तमानपत्रांत छापा. आणि तो तुमच्या बाजूने आला, तर या लेखातला अग्निहोत्राविषयीचा सगळा भाग खुशाल खोटा ठरवा.